रिकामी मांडी

सरकारी खर्चाने चालणाऱ्या त्या बालवाडीच्या तळमजल्यावरच्या वर्गात तीन ताई होत्या, आणि त्यांची खरी नावं हजेरीपटाखेरीज कुणालाच आठवत नसत. मुलांच्या तोंडी त्या थोरली, मधली आणि धाकटी. ही नावं वयावरून पडलेली नव्हती, नोकरीला लागण्याच्या क्रमाने पडली होती. त्यामुळे मधली थोरलीपेक्षा चांगली सहा वर्षांनी मोठी होती आणि ते ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची.

"माझ्या वयाचा मान ठेव गं जरा," ती म्हणायची.

"ठेवते की. आधी तो सांडलेला रंग पूस, मग मान ठेवते," थोरली म्हणायची.

वर्गात मुलं बावीस, अडीच ते चार वर्षांची. अशी बावीस मुलं म्हणजे काय चीज असते, हे घरात एकच सांभाळलेल्या माणसाला सांगून कळायचं नाही. एकाला शी लागते तेव्हा दुसऱ्याच्या नाकात मणी गेलेला असतो, आणि तिसरी नेमक्या त्याच क्षणी सगळ्यांच्या चपला पाण्याच्या टाकीत धुवायला घालते. थोरली या वर्गात एकोणीस वर्षं होती. तिचे केस इथेच पिकले होते आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

या वर्गाची एक रीत होती. खिडकीखालच्या कोपऱ्यात निळी चटई अंथरलेली असे आणि तिच्यावर, भिंतीला पाठ टेकून, तिघींपैकी एक ताई कायम बसलेली असे. अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. पाळीवर असलेल्या ताईने काहीही करायचं नाही. कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, पेन्सिलींना टोकं काढायची नाहीत, फोनकडे तर बघायचंच नाही. हात रिकामे, मांडी रिकामी, कान रिकामे. पोर आलं तर घ्यायचं, नाही आलं तर वाट बघायची. बाकीच्या दोघींनी वर्ग चालवायचा. या पाळीला त्या आपसात 'रिकामी मांडी' म्हणत.

ही रीत कुणी शहाण्याने पुस्तकात वाचून काढलेली नव्हती. आठ वर्षांपूर्वी थोरलीचा पाय पायरीवरून मुरगळला आणि महिनाभर तिला उभं राहवेना. रजा शिल्लक नव्हती. ती लाजत लाजत कोपऱ्यात बसून राहिली, मधली एकटी राबतेय आणि आपण महाराणीसारख्या बसलोय म्हणून मनातल्या मनात झुरत. पण त्या महिन्यात वर्गातलं रडं निम्म्यावर आलं. एक मुलगी सगळ्यांना चावायची, ती चावायची थांबली. चावायला निघाली की वाटेत तिला मांडी लागायची आणि ती तिथेच बसायची. पाय बरा झाल्यावर थोरली उठली आणि चावरी पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून ती जागा कधी रिकामी ठेवली गेली नाही. दोघीच होत्या तेव्हा ते जेमतेम जमायचं, नाकी नऊ यायचे. दोन वर्षांपूर्वी तिसरी जागा मंजूर झाली, धाकटी आली आणि सगळं सुरळीत झालं.

त्या मांडीचा खरा मालक म्हणजे कुजबुज्या. साडेतीन वर्षांचं, गोल डोक्याचं पोर. वर्गात चकार शब्द बोलायचं नाही. हवं-नको काही विचारलं तरी नुसतं बघत राहायचं. पण मांडीवर बसलं, मान वळवली आणि ताईच्या कानाला तोंड लावलं की मग सगळं सांगायचं. आजोबांचे दात पेल्यात झोपतात, वरच्या मजल्यावरचा कुत्रा घाबरट आहे, आज दूध गार होतं. नंतर थुंकीने भिजलेला कान पुसावा लागे, पण त्याला कुणाची हरकत नव्हती.

असं सगळं छान चाललेलं असताना वरच्या कार्यालयातून पत्र आलं. ज्या वर्गांत दोन माणसांत भागतं तिथली तिसरी जागा काढून घेण्यात येईल. भागतं की नाही हे ठरवण्यासाठी तपासनीस दोन दिवस वर्गात बसतील. मधलीने पत्र वाचलं आणि म्हणाली, "तीन तिघाडा, काम बिघाडा, असं वाटतंय वाटतं त्यांना."

धाकटीने पत्र घेऊन पुन्हा वाचलं. शेवटी आलेली ती पहिली जाणार, हे न सांगता कळण्यासारखं होतं. पुढच्या महिन्यात ती कायम व्हायची होती. तिची खाट भावाच्या स्वयंपाकघरात होती. वहिनी सकाळी पाचला भांडी काढायला आली की धाकटीचा दिवस सुरू व्हायचा. कायम झाल्यावर भाड्याने घ्यायची म्हणून तिने एक खोलीही बघून ठेवली होती. पूर्वी ती खोकी भरायच्या कारखान्यात दहा तास उभी असायची. इथे आल्यावर पहिल्यांदा मांडीच्या पाळीवर बसली तेव्हा तिने विचारलं होतं, "ताई, खरंच नुसतं बसायचं? ओरडणार नाही ना कुणी?"

"कुणी ओरडलं तर मला सांग," थोरली तेव्हा म्हणाली होती.

तपासनीस बाई आल्या त्या वेळेच्या आधी दहा मिनिटं. उंच, सडसडीत, इस्त्रीच्या कपड्यातल्या. वर्गात मोठ्या माणसाची खुर्चीच नव्हती. मुलांच्या खुर्चीवर त्या बसल्या तेव्हा गुडघे पार हनुवटीपर्यंत आले, पण त्यांनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. गुडघ्यांवर वही ठेवली आणि दर दहा मिनिटांनी लिहायला लागल्या. मुलांशी बोलल्या नाहीत, ताईंशी बोलल्या नाहीत. मधली थोरलीच्या कानाशी येऊन म्हणाली, "ही घड्याळाच्या पोटची दिसते."

तो दिवस वर्गाच्या एरवीच्या दिवसांसारखाच गेला. गाणी झाली, रंग झाले, फळं खाऊन झाली. चटईवर कुणी ना कुणी बसलेलं होतंच. पहिलवान म्हणून एक दणकट मुलगी होती, ती प्रेमाने मिठी मारायची आणि समोरचं पोर आडवं व्हायचं. तिला मधलीने मांडीवर घेऊन हळू मिठी कशी मारतात ते शिकवलं. कुजबुज्या दोनदा येऊन गेला. कुणी पडलं नाही, कुणी चावलं नाही. थोरली मनात म्हणाली, झालं, याहून चांगलं आणखी काय दाखवायचं?

दुपारी तपासनीस बाई हात धुवायला गेल्या आणि वही खुर्चीवर उघडी राहिली. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे थोरली मुलांना रोज शिकवायची. तरी तिने वाचलंच. पानभर तेच वाक्य खालीखाली उतरत गेलं होतं. 'एक कर्मचारी जमिनीवर बसलेली. हातात काम नाही.' दहा मिनिटांनी पुन्हा, 'एक कर्मचारी जमिनीवर बसलेली. हातात काम नाही.' थोरली घाईघाईने तिथून बाजूला झाली.

"मग सांगून टाक ना त्यांना," मुलं गेल्यावर मधली म्हणाली.

"काय सांगू? आम्ही आळीपाळीने बसतो, तेच आमचं काम आहे म्हणून? वर जाऊन हसतील सगळे."

"हसू देत. दात दिसतील."

पण थोरलीला ते पटेना. एकोणीस वर्षांत तिच्या वर्गाबद्दल कुणी 'काम नाही' असं लिहिलं नव्हतं. तो शब्द तिला लागला होता, आणि लागलेलं माणूस सरळ विचार करत नाही.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. तो रोजच्यासारखा वस्तऱ्याला धार लावत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी एक खुर्ची मी रिकामीच ठेवतो की. ती रिकामी दिसते म्हणून तर गिऱ्हाईक आत पाय टाकतं."

"अहो, तुमच्या दुकानाची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे कोण वही घेऊन येतंय?"

"रोज आरसा असतो समोर. तो काय कमी आहे?"

"उद्या कुणी बसायचं नाही," थोरली म्हणाली. "उद्या तिघी कामात दिसल्या पाहिजेत. मग बघते कशी जागा काढतात."

नवऱ्याने वस्तरा मिटला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिघींच्या पायाला चाकं लागली. मधलीने कपाट पुसलं, मग पुन्हा पुसलं. धाकटीने ठोकळे रंगाप्रमाणे लावले, मुलांनी ते उचलले, तिने ते हातातून घेऊन पुन्हा लावले. थोरली फळा पुसत होती, नळ घासत होती, टॉवेल मोजत होती. निळी चटई कोपऱ्यात मोकळी पडली होती. बूट काढून फेकायची सवय असलेली एक चिमुरडी तिथे गेली, इकडेतिकडे बघितलं, आपला बूट चटईवर ठेवला आणि परत आली. पहिलवानने एकाला मिठी मारली आणि तो धप्पकन पडला. त्याला उचलायला तिघी एकदम धावल्या, आणि तिघी आल्या म्हणून तो जास्तच रडला. दहा वाजेपर्यंत वर्गात असा गलका झाला की बाहेरून शिपाई डोकावून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं थोरलीला एकदा वाटलंही. पण हातातला कपडा तिने सोडला नाही.

मध्येच तिच्या पदराला ओढ बसली. कुजबुज्या उभा होता. "हो रे राजा, आलेच हं," ती म्हणाली आणि खिडकीची दांडी पुसायला लागली. थोड्या वेळाने पुन्हा ओढ. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला ठोकळ्यांकडे वळवलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा तपासनीस बाई नेमक्या लिहीत होत्या. थोरली त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "नंतर हं, सोन्या."

इकडे तपासनीस बाईंची पाठ बोलायला लागली होती. कालचा अख्खा दिवस त्या वीतभर खुर्चीवर काढला होता, आज त्यांना दीड तासही काढवेना. त्यांनी वर्गभर नजर फिरवली. टेकायला जागा एकच होती, आणि ती आज मोकळी होती. त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या, बूट बाजूला सरकवून चटईवर बसल्या, भिंतीला पाठ टेकली आणि पाय पसरून समाधानाने डोळे मिटले. बिचाऱ्यांना या वर्गाचा कायदा कुठे ठाऊक होता? त्या चटईवर जो बसेल त्याची मांडी मुलांची.

डोळे उघडले तेव्हा बूटवाली पायाशी उभी होती. तिने पाय पुढे केला. तपासनीस बाईंनी क्षणभर वहीकडे बघितलं, मग वही खाली ठेवली आणि बूट घातला. तेवढ्यात पहिलवान आली आणि शिकवल्याप्रमाणे हळू मिठी मारली. हळू म्हणजे तिच्या मानाने हळू; बाईंचा चष्मा वाकडा झाला. तिसऱ्या पोराने पेन्सिल मागितली नाही, घेतलीच. चौथं मांडीवर डोकं टेकून लवंडलं ते तिथेच झोपलं. आणि मग त्या सगळ्यांच्या मधून वाट काढत कुजबुज्या आला, उरलेल्या अर्ध्या मांडीवर बसला, मान वळवली आणि त्यांच्या कानाला तोंड लावलं.

बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, "अहो, जरा इकडे या. याचा कान दुखतोय."

थोरली कपड्यासकट जागच्या जागी थांबली.

"सकाळपासून दुखतोय म्हणतो," तपासनीस बाई म्हणाल्या. "आणि म्हणतोय, ताईला वेळ नाही."

थोरलीने जाऊन बघितलं. डावा कान लालबुंद होता, हात लावला तर गरम लागला. तीन वेळा पोर तिच्याकडे आलं होतं. बोलायला त्याला मांडी लागते हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि ती दांडी पुसत होती, कालच पुसलेली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने तपासनीस बाईंसमोरच पदराने पुसलं. धाकटीने पोराच्या आईला फोन लावला. आई पलीकडच्याच रस्त्यावर शिवणकामाच्या दुकानात होती. ती दहा मिनिटांत आली आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

ती गेल्यावर थोरली म्हणाली, "मॅडम, काल तुमची वही मी वाचली. चूक झाली. आणि आज जे केलं ती त्याहून मोठी चूक झाली. आमच्यातली एक रोज तिथे बसते, तुम्ही आत्ता बसलाय ना, तशी. तुम्ही काल बघितलंत ते खरं होतं. आजचं सगळं खोटं आहे."

"दुसऱ्याची वही वाचू नये," तपासनीस बाई म्हणाल्या.

"नाही वाचू."

"किती वेळ बसायचं असतं एकीने?"

"अर्धा तास."

"मला वीसच मिनिटं झाली असतील." त्यांनी मांडीवर झोपलेल्या पोराकडे बघितलं. "माझा डावा पाय आहे की गेला, तेच कळत नाहीये. दिवसभर एकीला जमणार नाही हे."

"म्हणून तर तिघी," मधली कपाटामागून म्हणाली. "एक बसलेली, दोन उभ्या. उभ्या दमल्या की बसायचं, बसलेली अवघडली की उठायचं. पाठी टिकल्यात त्या त्यामुळेच."

तपासनीस बाईंनी वहीकडे हात नेला. पेन्सिल नव्हती. ती आता पहिलवानच्या हातात होती आणि वहीच्या आजच्या पानावर तिने भला मोठा गोल काढला होता. बाईंनी तो बघितला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"धाकटे," थोरली म्हणाली, "मॅडमना मोकळं कर. तुझी पाळी आहे. बस."

धाकटी पुढे आली, पण घुटमळली. साहेबांच्या डोळ्यांदेखत कसं बसायचं? तपासनीस बाईंनी स्वतःच सरकून तिला जागा करून दिली, झोपलेलं पोर अलगद तिच्या मांडीवर दिलं आणि भिंतीला धरून धरून उठल्या. उरलेला दिवस त्या उभ्या होत्या. दुपारपर्यंत वर्ग ताळ्यावर आला.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. मधलीने चष्मा शोधेपर्यंत थोरलीचा जीव टांगणीला लागला होता. धाकटी तर मोरीत जाऊन उगाचच पेले विसळत होती. तिसरी जागा कायम ठेवण्यात येत आहे, असं मधलीने पहिल्यांदा वाचलं, आणि मोरीतून पेला पडल्याचा आवाज आला. स्टीलचा होता, काही बिघडलं नाही. पुढे सगळ्या वर्गांसाठी सूचना होत्या. 'प्रत्येक वर्गात एक कर्मचारी मुलांजवळ जमिनीवर बसलेली असावी. तिच्या हातात दुसरे कोणतेही काम देऊ नये. ही पाळी अर्ध्या तासाहून अधिक असू नये. पाठ टेकण्यासाठी प्रत्येक वर्गास गादी पुरवण्यात यावी.'

"आता सरकारी हुकूम झाला," मधली म्हणाली आणि ताबडतोब चटईवर बसली. "मला कुणी उठवायचं नाही. वयाचा मान नाही तर नाही, हुकमाचा तरी ठेवा."

धाकटी हसता हसता रडत होती. तिने भावाला फोन केला, पण भावाशी नाही, वहिनीशीच बोलली. "वहिनी, तुमचं स्वयंपाकघर पुढच्या महिन्यात मोकळं होतंय." पलीकडून वहिनी काय म्हणाली कोण जाणे, पण धाकटी म्हणाली, "अहो, येईन की रविवारी जेवायला."

दुपारी थोरलीची पाळी होती. गादी यायची होती अजून, तोवर भिंत होतीच. ती टेकून बसली, हात मोकळे सोडले. कुजबुज्या समोर ठोकळे रचत होता. कान केव्हाच बरा झाला होता, पण त्या दिवसानंतर तो तिच्या पाळीला काही आला नव्हता. मधलीकडे जायचा, धाकटीकडे जायचा. थोरलीने त्याला बोलावलं नव्हतं. बोलवायचं नाही, वाट बघायची, हा नियम तिनेच केलेला होता, आणि या तीन आठवड्यांत तो तिला फार जड गेला होता.

त्याने शेवटचा ठोकळा ठेवला, उठला आणि चटईशी येऊन उभा राहिला. तिचे दोन्ही हात नीट बघितले. त्यांत काही नव्हतं. मग तो मांडीवर बसला, मान वळवली आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

"आज काहीच दुखत नाही," तो म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.